‘शोध घेणे’ आणि ‘शोध लागणे’ : पृथ्वीबाह्य जीवसृष्टीविषयक दाव्यांची चिकित्सा

सारांश

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे काय, आणि पृथ्वीवरील जीवनाचा उगम येथेच झाला की अन्यत्र, हे दोन प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तत्त्वचिंतनाच्या कक्षेतून प्रयोगशाळेच्या कक्षेत आले. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील काही महत्त्वाच्या दाव्यांचा परामर्श घेतला आहे. विशेषतः डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद येथून २००१ व २००५ साली झालेल्या बलून-प्रयोगांची तर्कशुद्धता तपासली आहे. प्रयोग कुशलतेने पार पडणे आणि त्यातून विशिष्ट निष्कर्ष सिद्ध होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, ही या लेखाची मुख्य भूमिका आहे.

१. प्रस्तावना

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. हरवलेल्या मुलाचा आपण शोध घेतो; गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो. पहिल्या प्रयोगात धडपड आहे, दुसऱ्यात प्राप्ती आहे. शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागेलच असे नाही. शोध लागला म्हटल्यावर मात्र हाती काहीतरी आलेलेच असते. हा भेद क्रियापद सांभाळते. परंतु वृत्तपत्राच्या मथळ्यातून, पाठ्यपुस्तकाच्या शीर्षकातून आणि निबंधाच्या विषयातून क्रियापद गळून पडते. मग ‘परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध’ एवढेच शब्द उरतात आणि वाचक आपल्या मनाप्रमाणे त्यांचा अर्थ लावतो.

‘जीवसृष्टी’ हा शब्दही असाच सैल आहे. ‘सृष्टी’ म्हटले की झाडे, पाखरे, जलचर असा भरगच्च पसारा डोळ्यांपुढे उभा राहतो. शास्त्रज्ञ मात्र बहुतेक वेळा एखाद्या रेणूविषयी, खडकातील डागाविषयी किंवा काही जीवाणूंविषयी बोलत असतो. हा भाषिक प्रश्न येथे आरंभीच नोंदविण्याचे कारण असे, की या विषयातील बऱ्याच वैचारिक गोंधळाचे मूळ ‘घेणे’ आणि ‘लागणे’ यांतील अंतर पुसले जाण्यात आहे. हे अंतर केवळ पत्रकार पुसतात असेही नाही. प्रसंगी संशोधकांकडूनही ते पुसले जाते.

२. पूर्वेतिहास : तीन उदाहरणे

१४ मे १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील ऑर्गेय या गावी एक कार्बनयुक्त उल्का पडली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, क्लाऊस आणि नॅगी या संशोधकांनी अशा उल्कांमध्ये सूक्ष्मजीवांच्या अवशेषांसारखे ‘संघटित घटक’ आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढील तपासणीत त्यांपैकी काही घटक परागकण ठरले, तर काही खनिजांचे कण निघाले. याच उल्केच्या एका तुकड्यात तर वनस्पतीचे बी आणि कोळशाचे कण मुद्दाम चिकटवून बसविलेले सापडले. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी केलेली ही लबाडी तोवर कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. उल्का आकाशातून येते हे खरे. पण ती पडते पृथ्वीवर, आणि पृथ्वी ही जीवाणूंनी व परागकणांनी माखलेली जागा आहे, हा या प्रकरणाचा धडा होय.

दुसरे उदाहरण मंगळाचे. १९७६ साली ‘व्हायकिंग’ यानांनी मंगळाच्या मातीवर जीवशास्त्रीय प्रयोग केले. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात किरणोत्सारी कार्बन असलेले पोषक द्रावण मातीवर टाकले असता किरणोत्सारी वायू बाहेर पडला. माती आधी १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली तेव्हा मात्र तो प्रतिसाद नाहीसा झाला. जीवनाची खूण म्हणून आधी ठरविलेली अट अशा रीतीने पूर्ण झाली होती. तथापि त्याच यानावरील दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय द्रव्याचा विश्वासार्ह मागमूस लागला नाही आणि ‘जीवन नाही’ हा निष्कर्ष रूढ झाला. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. ते असताना माती तापविली तर त्यातील सेंद्रिय द्रव्य जळून जाऊ शकते, हे ध्यानी आल्यावर ‘सेंद्रिय द्रव्य नाही’ या निष्कर्षाचा पायाच डळमळीत झाला. पण त्यामुळे लेव्हिन यांचा दावा सिद्ध झाला असेही नाही, कारण मातीतील तीव्र ऑक्सिडीकारक रसायनेही तसाच वायू निर्माण करू शकतात. येथे चूक प्रयोगकौशल्याची नव्हती. मातीचे रसायनशास्त्र पुरेसे माहीत नसताना तिला जीवशास्त्राचा प्रश्न विचारला गेला.

तिसरे उदाहरण ‘एएलएच ८४००१’ या अशनीचे. १९८४ साली अंटार्क्टिकात सापडलेला सुमारे १.९ किलोग्रॅमचा हा दगड मंगळावरून आलेला आहे, याविषयी वाद नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी त्यात प्राचीन जीवनाच्या खुणा असल्याचे प्रतिपादन केले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यावर जाहीर निवेदन केले. कार्बोनेटचे गोलक, सेंद्रिय संयुगे, मॅग्नेटाइटचे स्फटिक आणि जीवाश्मसदृश आकार असे चार पुरावे मांडले गेले. प्रत्येकाला अजैविक पर्याय शक्य आहे हे लेखकांना मान्य होते. परंतु चारही एकत्र घेतले असता जीवन हेच सर्वांत सोपे स्पष्टीकरण ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळात एकेका पुराव्याला अजैविक पर्याय सापडत गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या दगडातील सेंद्रिय द्रव्य पाणी आणि खडक यांच्यातील रासायनिक क्रियांतून बनल्याचे दाखविले. चार दुबळे पुरावे एकत्र बांधल्याने एक बळकट पुरावा होतोच असे नाही, हे येथे ध्यानात येते.

३. हैदराबादचे बलून-प्रयोग

या पार्श्वभूमीवर आपल्या देशात झालेल्या प्रयोगाकडे वळणे उचित ठरेल. फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी असा सिद्धान्त मांडला होता, की जीवनाची बीजे अवकाशात सर्वत्र विखुरलेली असून धूमकेतूंच्या द्वारे ती पृथ्वीवर आली आणि आजही येत आहेत. हॉईल हे नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. गुरूचे मत शिष्याने केवळ उचलून धरले नाही, तर ते प्रयोगाच्या कसोटीला लावण्याचे ठरविले, ही गोष्ट प्रथम गौरवाने नोंदविली पाहिजे.

जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून पहिले उड्डाण झाले. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनने थंड ठेवून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा त्यांत गोळा करण्यात आली. ब्रिटनमध्ये मिल्टन वेनराइट यांनी त्या नमुन्यांतून दोन जीवाणू आणि एक बुरशी वाढविली. हे तिन्ही पृथ्वीवर आधीच परिचित होते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी बॅसिलस वंशाच्या चार नव्या प्रजातींचे वर्णन केले.

दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी झाले. नारळीकर प्रमुख संशोधक होते, यू. आर. राव व पी. एम. भार्गव मार्गदर्शक होते, आणि नमुन्यांची तपासणी हैदराबादचे उपरोक्त केंद्र व पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली. मार्च २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने निष्कर्ष जाहीर केले. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या होत्या. जीवाणूंच्या नऊ वसाहतींचे जनुकीय साम्य पृथ्वीवरील ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक होते. उरलेल्या तीन नव्या प्रजाती ठरल्या. त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्या स्मरणार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉईलेई’, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि ‘बॅसिलस आर्यभट्टाई’ अशी नावे देण्यात आली. या प्रजातींची अतिनील किरणांना तोंड देण्याची क्षमता त्यांच्या निकटच्या नातलगांहून अधिक आढळली. या अभ्यासाने सूक्ष्मजीवांचा पृथ्वीबाह्य उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र पुढील कार्यास उत्तेजन मिळते, अशी सावध नोंदही संस्थेने केली होती.

४. चिकित्सा

सावधगिरीची ही नोंद प्रशंसनीय आहे. तरीही ‘निर्णायकपणे सिद्ध होत नाही’ या शब्दांतून असे सूचित होते, की पुरावा त्या दिशेने झुकलेला आहे, फक्त थोडा उणा पडला. प्रस्तुत लेखकाचा मतभेद नेमका येथे आहे. हा पुरावा त्या दिशेने झुकलेलाच नाही. तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण ‘नवी प्रजाती’ या संकल्पनेशी संबंधित आहे. नवी म्हणजे विज्ञानाला आजवर अज्ञात. पृथ्वीवर अनुपस्थित असा तिचा अर्थ होत नाही. पृथ्वीवरील जीवाणूंच्या बहुसंख्य प्रजातींचे वर्णन अद्याप झालेलेच नाही. कोणत्याही शेतातील मूठभर माती नीट तपासली तर तीतही नवी प्रजाती मिळण्याची शक्यता असते. पुढील घटनाक्रमानेही हेच दाखविले. २००१ च्या नमुन्यांतून प्रथम वर्णिलेला ‘बॅसिलस स्ट्रॅटोस्फेरिकस’ पुढे इंग्लंडमधील वेअर नदीच्या मुखाशी आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बॅसिलस आर्यभट्टाई’ वनस्पतींच्या मुळांलगतच्या मातीतून मिळाल्याच्या नोंदी अनेक आहेत. आकाशातील म्हणून बारसे झालेले हे जीव पायाखालच्या मातीतही नांदत होते. आपणच त्यांना तेथे ओळखले नव्हते.

दुसरे कारण अतिनील किरणांविषयी आहे. किरणांना दाद न देणारा जीव अवकाशातून आला असेल, हे शक्य आहे. पण पृथ्वीवरून वर गेलेल्या असंख्य जीवाणूंपैकी तेथील तीव्र किरणांत तगून राहिलेले तेवढेच आपल्या नळीत आले, हेही तितकेच शक्य आहे. चाळणीवर मोठे खडे उरले, यावरून ते खडे चाळणीतच तयार झाले असे आपण म्हणत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून ते प्रयोगाच्या रचनेशी निगडित आहे. नमुन्यातील जीव पृथ्वीवरील पोषक माध्यमावर वाढविले गेले आणि पृथ्वीवरील जीवांना सामाईक असलेल्या एका जनुकाच्या आधारे ओळखले गेले. म्हणजे जे जीव पृथ्वीवरील जीवांसारखेच आहेत, तेच या पद्धतीच्या जाळ्यात सापडणार. सर्वस्वी वेगळा जीव नळीत असता तरी तो दिसला नसता. यावर हॉईलपक्षीयांचे उत्तर असे, की पृथ्वीवरील जीवनच अवकाशातून आलेले असल्याने दोहोंत साम्य असणारच. हे उत्तर तर्काला धरून आहे. पण त्याची किंमत मोठी आहे. नळीत आढळलेले जीव पृथ्वीवरील जीवांसारखे असतील, असे ‘खालून वर गेले’ हा पक्ष सांगतो आणि ‘वरून खाली आले’ हा पक्षही तेच सांगतो. दोन प्रतिस्पर्धी पक्षांचे भाकीत एकच असेल, तर त्या भाकिताच्या पडताळ्याने त्यांच्यातील वाद मिटू शकत नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. उष्ण कटिबंधात सुमारे १७ किलोमीटर उंचीवर हवेच्या उभ्या अभिसरणाला मोठा अडसर असतो. तो ओलांडून जीवाणू ४१ किलोमीटरपर्यंत कसे पोहोचतात, याचे सर्वमान्य उत्तर सोपे नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी अग्निबाणांच्या साहाय्याने ४८ ते ७७ किलोमीटर उंचीवरूनही सूक्ष्मजीव मिळाल्याचे नोंदविले होते. प्रश्न खरा आहे. परंतु ‘ते वर कसे गेले हे कळत नाही’ यापासून ‘म्हणून ते वरून आले’ येथपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. असा पुरावा अणूंच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरातून मिळू शकेल. मात्र त्यासाठी पेशी न वाढविता, जशा सापडल्या तशाच तपासाव्या लागतील. एकदा जीवाणू आपल्या माध्यमावर वाढला की त्याच्या शरीरातील जवळजवळ सर्व अणू आपल्याच प्रयोगशाळेतले असतात. त्याच्या जन्मगावाची खूण आपण आपल्या हाताने पुसून टाकलेली असते.

५. नारळीकरांचीच कसोटी

ही टीका बाहेरून आणलेल्या निकषावर आधारलेली नाही, हे दाखविण्यासाठी नारळीकरांच्याच दुसऱ्या एका प्रयोगाकडे पाहता येईल. फलज्योतिषाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आदी सहकाऱ्यांसह एक चाचणी आखली. तिचे निष्कर्ष २००९ मध्येच प्रसिद्ध झाले. हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा दोन गटांतील दोनशे मुलांच्या कुंडल्या जमविण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील हे सांगण्यास कळविले गेले. चाळीसपैकी किमान अठ्ठावीस उत्तरे बरोबर आली तरच यश मानावे, हे आधीच ठरलेले होते. उत्तरे पाठविणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी यापेक्षा कमी यश अपेक्षित नव्हते.

या चाचणीचे सामर्थ्य कशात आहे? कोणता निकाल लागला तर कोणता पक्ष हरला असे मानायचे, हे निकाल हाती येण्यापूर्वी निश्चित झाले होते. बलून-प्रयोगाला हाच प्रश्न विचारून पाहावा. कोणता निकाल लागला असता तर ‘बीजे अवकाशातून येतात’ हा पक्ष हरला असता? जीवाणू मिळाले नसते, तर ते विरळ असतील किंवा नळीत टिकले नसतील, असे म्हणता आले असते. ओळखीचे मिळाले तर ते मूळचे तिकडचेच. अनोळखी मिळाले तर उत्तमच. हरण्याची सोय नसलेल्या पक्षाला जिंकल्याचे श्रेयही घेता येत नाही. ज्या वैज्ञानिक शिस्तीचा पाठ नारळीकरांनी महाराष्ट्राला आयुष्यभर दिला, ती त्यांच्या स्वतःच्या प्रयोगाला लावणे हा त्यांचा अनादर नव्हे. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर तर ही जबाबदारी अधिक वाढली आहे, कारण दिवंगत थोरांची मते आपल्याकडे फार लवकर सुभाषितांच्या रांगेत जाऊन बसतात.

६. उगमाचा प्रश्न आणि अलीकडील दावे

जीवन अवकाशातून आले असे मानले तरी ते प्रथम निर्माण कसे झाले, हा प्रश्न सुटत नाही. तो केवळ दूरच्या पत्त्यावर पाठविला जातो. याउलट जीवनाचा कच्चा माल अवकाशातून आला, हा मर्यादित दावा आज भक्कम पायावर उभा आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्ले सापडली. २०२३ मध्ये बेनू या लघुग्रहावरून आणलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात सजीवांच्या प्रथिनांतील वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि डीएनए व आरएनए यांतील पाचही नत्रयुक्त घटक असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. महत्त्वाची गोष्ट अशी, की या अमिनो आम्लांची डावी आणि उजवी रूपे तेथे जवळजवळ सम प्रमाणात आढळली. सजीव प्राधान्याने डावी रूपे वापरतात. म्हणजे हा माल जीवनाचा नसून रसायनशास्त्राचा आहे. आणि हे सांगण्याची सोय नमुन्यातच होती. वीट आणि घर यांतील हा फरक ज्या प्रयोगात दिसू शकतो, तो प्रयोग निर्णय देऊ शकतो.

दूरच्या ग्रहांविषयीचे दावे याच दृष्टीने पाहता येतील. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फीन वायू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. विदेचे पुनर्विश्लेषण झाल्यावर त्याचे प्रमाण मूळ अंदाजाहून पुष्कळ घटले आणि त्याच्या अस्तित्वाविषयीच वाद सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘के२-१८ बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड किंवा त्याचे भावंड असलेल्या रेणूचा संकेत मिळाल्याचे सांगितले. संकेताची सांख्यिकीय पातळी ‘तीन सिग्मा’ म्हणजे ९९.७ टक्के होती. हा आकडा ‘तेथे जीवन असण्याची संभाव्यता’ म्हणून वाचणे ही गंभीर चूक आहे. तो केवळ संकेत निव्वळ योगायोगाचा असण्याविषयी बोलतो. रेणू कोणता आणि तो कशाने बनला, याविषयी तो काहीच सांगत नाही. इतर गटांच्या पुनर्विश्लेषणात तो संकेतही पुरेसा बळकट ठरला नाही. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवर, जीवनाशिवाय, असल्याचे २०२४ मध्येच दिसून आले होते.

या अनुभवांतून २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचविली. संकेत मिळणे ही केवळ पहिली पायरी. त्यानंतर दूषितीकरणाची शक्यता दूर करणे, त्या परिस्थितीत जीव असा संकेत निर्माण करू शकतात हे दाखविणे, सर्व ज्ञात अजैविक कारणे वगळणे आणि स्वतंत्र निरीक्षणांनी पुष्टी मिळविणे अशा चढत्या पायऱ्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरील जेझेरो विवराच्या परिसरातील एका खडकावरचे ठिपके जाहीर करताना ‘पर्सिव्हिरन्स’ मोहिमेच्या संशोधकांनी ‘संभाव्य जैवखूण’ हाच शब्द वापरला आणि अजैविक पर्यायांची चर्चा आपल्या लेखातच केली. हा संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. आपण शोध घेण्याच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे सांगण्याची ती प्रामाणिक रीत आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून पृथ्वीबाहेर जीवन नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा पुरावाही नाही. हैदराबादचे प्रयोग निष्फळ होते, असेही नव्हे. वातावरणाच्या इतक्या उंच थरातून नमुने आणण्याचे तंत्र, सूक्ष्मजीवांच्या नव्या प्रजाती आणि जीवावरणाच्या वरच्या सीमेविषयीचे ज्ञान ही त्यांची खरी फलश्रुती आहे. ज्या प्रश्नासाठी ते प्रयोग झाले त्याचे उत्तर मात्र त्यांनी दिलेले नाही, आणि त्यांच्या रचनेमुळे ते देणे शक्यही नव्हते.

अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचे मोल यातच आहे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर लिहिण्यास लवकर शिकतो. वाङ्मय शाखेचा विद्यार्थी विज्ञानाचा प्रत्येक मथळा सिद्ध सत्य म्हणून स्वीकारतो. दोघांनाही एकच प्रश्न विचारावयास शिकविता येईल : हा दावा खोटा असता, तर वेगळे काय दिसले असते? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दावा कितीही थोर व्यक्तीने केलेला असो, शोध अजून लागलेला नाही. तो घेतला जात आहे. आणि शोध घेत राहणे हीदेखील कमी प्रतिष्ठेची गोष्ट नव्हे.